लेझरने लिहिलेल्या मायक्रोफिल्मची डायझो प्रत फिकी येते. लेझरची पॉवर वाढवू की डेव्हलपरचं तापमान?

दोन्हीला तूर्त हात लावू नका. तुम्ही लिहिलंय की स्कॅन केलेली जुनी दप्तरं लेझर रायटरने १६ मिमी सिल्व्हर फिल्मवर निगेटिव्ह रूपात (काळ्यावर पारदर्शक अक्षरं) घेता, त्यावरून डायझोवर (अमोनियात रंग धरणाऱ्या, प्रती काढायच्या फिल्मवर) काढलेल्या प्रतीची पार्श्वभूमी फिकी येत होती म्हणून पॉवर चढवली, आणि आता अनुस्वार आणि रफार बुजायला लागलेत. हे होणारच होतं. साध्या प्रोसेसिंगने निगेटिव्ह काढताना लेझर अक्षरं लिहीत नाही, अक्षरांभोवतीचा कागद लिहितो. पॉवर वाढली की प्रत्येक ठिपका पसरतो आणि काळं चारही बाजूंनी अक्षरात शिरतं. पहिला बळी अनुस्वाराचा, मग 'ख' आणि जोडाक्षरांतल्या फटींचा. डेव्हलपर गरम केलात तर पारदर्शक भागावर फॉग (नको असलेला करडेपणा) चढेल, म्हणजे उरलेली अक्षरंही करडी होतील.

मूळ दुखणं डुप्लिकेटरकडे (प्रत काढणाऱ्या यंत्राकडे) आहे असं मला वाटतं. डायझोचं गणित सिल्व्हरच्या उलटं असतं: जिथे अतिनील प्रकाश पडतो तिथला डायझो मोडतो आणि फिल्म पारदर्शक होते, जिथे पडत नाही तिथे अमोनियात रंग धरतो. म्हणून पार्श्वभूमी फिकी असेल तर एकतर प्रकाश जास्त झालाय किंवा अमोनिया कमी पडतोय. कोऱ्या डायझोची एक पट्टी अजिबात एक्स्पोज न करता अमोनियातून काढा आणि डेन्सिटी (गडदपणाचं माप) मोजा. तीच पट्टी पुन्हा एकदा काढा. दुसऱ्या वेळी गडद झाली तर अमोनिया किंवा त्या भागाचं तापमान अपुरं आहे. पट्टी पहिल्याच वेळी पूर्ण गडद आली तर दोष एक्स्पोजरचा. दिवा कमी करा किंवा फिल्मचा वेग वाढवा. या चाचणीला चहाइतकाही वेळ लागत नाही, तरी सगळे आधी लेझरच्याच मेनूत घुसतात.

आता मूळ फिल्मकडे. आधी रसायनं पक्की करा. फिल्म बनवणाऱ्याने सांगितलेलं तापमान आणि वेळ ठेवा आणि रोज सकाळी सेन्सिटोमीटरची (फिल्मला ठरावीक प्रकाश देणाऱ्या उपकरणाची) २१ पायऱ्यांची पट्टी प्रोसेस करून बघा. फक्त या पट्टीवरून लेझर ठरवू नका. सेन्सिटोमीटर सावकाश प्रकाश देतो, लेझर एका ठिपक्यावर मायक्रोसेकंद किंवा त्याहूनही कमी थांबतो, आणि इतक्या झटक्यात फिल्म वेगळीच वागते. पट्टी प्रोसेसरची तब्येत सांगते, तेवढंच तिचं काम.

लेझरसाठी तुमच्याच दप्तरातलं सगळ्यात बारीक टाइपाचं पान घ्या. तेच पान लागोपाठच्या फ्रेमवर पॉवर एकेक पायरी वाढवत लिहा, नेहमीसारखं प्रोसेस करा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघा. अनुस्वार स्वच्छ उघडा असलेल्या फ्रेमांपैकी सर्वात गडद पार्श्वभूमीची फ्रेम निवडा, पण आधी या सगळ्या फ्रेमांची डायझो काढून, तिथे वाचून. निर्णय प्रतीवर घ्यायचा. स्कॅनच्या कामात मी पार्श्वभूमी १.० ते १.२ च्या आसपास ठेवतो. संगणकावरून लिहिलेल्या फिल्मसाठी अमेरिकेच्या संघीय नियमांत साध्या प्रोसेसिंगला काळा भाग किमान ०.७५, पारदर्शक भाग जास्तीत जास्त ०.१५ आणि फरक किमान ०.६० असा आहे. ०.७५ ही तळाची मर्यादा आहे, ध्येय नव्हे. पूर्ण रिव्हर्सल (काळं-पारदर्शक उलटवणाऱ्या) प्रोसेसिंगचे आकडे वेगळे (१.५०, ०.२०, १.३०), ते इथे लावू नका.

पानागणिक डेन्सिटी बदलत असेल तर स्कॅन तपासा. ग्रेस्केल स्कॅनमध्ये पिवळा पडलेला कागद करडा येतो, लेझर तो इमानदारीने करडाच लिहितो, आणि कुठलंही सेटिंग त्याला वाचवत नाही. ते काम लिहिण्याआधी, स्कॅनमध्येच उरकायचं.

प्रत सिल्व्हरवर काढायची ठरली तर डबा वाचून घ्या: प्रिंट फिल्मवर एक्स्पोजर वाढवलं की प्रत गडद होते, डायरेक्ट डुप्लिकेटिंग फिल्मवर फिकी होते. व्हेसिक्युलर (सूक्ष्म बुडबुड्यांनी प्रतिमा धरणारी) फिल्म प्रकाश विखरून काळी दिसते, तिची डेन्सिटी नेहमीच्या डिफ्यूज मीटरने मोजू नये. कॉन्टॅक्ट करताना इमल्शनला (फिल्मच्या प्रतिमा असलेल्या थराला) इमल्शन भिडलेलं हवं, नाहीतर शाबूत अनुस्वारही धूसर होतो.

मूळ फिल्म कायम ठेवायची असेल तर धुलाईत कंजुषी नको. उरलेल्या हायपोची (फिक्सरमधल्या थायोसल्फेटची) मर्यादा दर चौरस मीटरला ०.०१४ ग्रॅम, ते मोजणारी मिथिलीन ब्लू चाचणी प्रोसेसिंगनंतर दोन आठवड्यांच्या आत करून घ्या. रीडरवर मूळ फिल्म चढवू नका, ओरखड्यांसाठी डायझो आहेच.

अमोनियाच्या चाचणीत काय निघालं ते कळवा. पट्टी दुसऱ्यांदाही फिकीच राहिली आणि अमोनिया ठीक असेल, तर डायझोचा साठाच जुना किंवा उष्णतेत राहिलेला असणार. नवा रोल उघडून हीच पट्टी पुन्हा काढा.