रोपं लांबुडकी होतायत? आधी दिवा खाली आणा

तुम्ही फोटो पाठवून रोपं अशी का झाली ते विचारलंत. फोटोतली टोमॅटोची रोपं काडीसारखी उंच झालीत आणि एका बाजूला कललीत. खत घालू नका, ही उपासमार उजेडाची आहे. पावसाळ्यात फ्लॅटच्या खिडकीत हे व्हायचंच.

तुमची एलईडी पट्टी दोन फुटांवर टांगलेली दिसते. आपल्या डोळ्यांना तिथेही लख्ख वाटतं, पण डोळे फसवतात, रोपांना तिथे उजेड कमीच पोचतो. साधी २० वॉटची पांढरी, ६५०० केल्विनची (म्हणजे दिवसासारख्या पांढऱ्या उजेडाची) पट्टी असेल तर ती शेंड्यांपासून १० ते १५ सेंमीवर आणा. रोपांसाठी म्हणून विकतात तो जांभळाच दिवा हवा असं काही नाही. मला तर त्या उजेडात पानांचा खरा रंगही कळत नाही. पट्टी साखळीने टांगा, म्हणजे रोपं वाढतील तशी एकेक कडी वर घेता येते. शेंड्याच्या उंचीवर तळहात धरून बघा, चटका जाणवला तर थोडी वर. जास्त वॉटचं एलईडी पॅनल मात्र इतकं जवळ नको, पानं पांढुरकी पडतात. त्याच्या डब्यावरचं अंतर पाळा.

पट्टीच्या टोकांना उजेड कमी पडतो, म्हणून ट्रे दोन दिवसांनी फिरवा. बाजूंना थर्माकोलचे तुकडे उभे करा, म्हणजे उजेड परतून रोपांवर पडतो. दिवा रोज १४ ते १६ तास पुरे, रात्री अंधार हवाच. टायमर घ्या, मी पूर्वी हमखास विसरायचो.

आणि ही लांबलेली रोपं फेकू नका. टोमॅटो आहे, कुंडीत लावताना खोड पहिल्या पानांपर्यंत मातीत गाडा, तिथून मुळं फुटतात.