वाचकांचे प्रश्न: महागडी सेमी ऑटोमॅटिक रायफल घ्यावी का?

मागच्या अंकात रानडुकरांनी केलेल्या नुकसानीवर चार ओळी काय लिहिल्या, बंदुकीचीच पत्रं यायला लागली. मी फौजेत कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, हत्यारं सांभाळलेला माणूस, म्हणून संपादकांनी सगळा ढीग माझ्याकडं सरकवला. निम्म्या पत्रांत यूट्यूबवर बघून लिहिलेली मॉडेलची नावं आहेत, काहींनी तर रंगसुद्धा कळवलाय.

प्रश्न : आमचं रान जंगलाला लागून आहे. हळद, सोयाबीन, हरभरा काहीच टिकू देईनात, रात्री डुकरं अन् पहाटे रोही (नीलगाय). पाहुणे म्हणायलेत की आठ-दहा लाख गेले तरी चालतील पण सेमी ऑटोमॅटिक रायफल घे, एका मॅगझीनमध्ये कळप साफ. फायदे-तोटे सांगा.
— एक शेतकरी, किनवट तालुका

उत्तर : दादा, पाहुण्यांना विचारा की ही रायफल देणार कोण, कारण दुकानात जाऊन ती भेटत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत हत्यारांचे वर्ग पाडलेत आणि सेमी ऑटोमॅटिक रायफली पहिल्या वर्गात आहेत, म्हणजे बंधन असलेल्या. त्यांचं लायसन कलेक्टर देत नाही, फाईल दिल्लीला गृह मंत्रालयात जाते आणि तिथंबी ज्याच्या जिवाला अतिरेक्यांकडनं धोका आहे अशा माणसाचा किंवा त्याच्या घरच्यांचा विचार होतो. हरभरा खाल्ला म्हणून ती फाईल हलणार नाही. वरून ऐंशीच्या दशकापासून साध्या माणसाला बाहेरदेशातून बंदूक मागवणं बंद आहे, त्यामुळं जुनी विलायती हत्यारं जी इकडून तिकडं फिरतात त्यांची किंमत हत्याराची कमी अन् दुर्मिळपणाची जास्त असते.

आता समजा भेटली. तर काय? सेमी ऑटोमॅटिक म्हणजे दर वेळी चाप दाबायचा आणि एकच गोळी सुटणार, फक्त पुढची गोळी रायफल स्वतःच नळीत भरते, गोळी नळीत ढकलणारा बोल्ट हातानं मागं-पुढं ओढावा लागत नाही. फौजेतली जुनी एसएलआर रायफल अशीच होती, ७.६२ मिलिमीटरची, वीस गोळ्यांचं मॅगझीन, वजन चार किलोच्या वर. पहिल्या गोळीला कळप फुटतो अन् मग अंधारात पळत्या डुकरामागं जो धडाधड चाप ओढतो त्याच्या पुढच्या सगळ्या गोळ्या कुठं जातात ते त्यालाबी कळत नाही. अशा रायफलची चुकलेली गोळी दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते. आपल्याकडं रान सपाट, पलीकडं कुणाचा आखाडा (शेतातलं घर), कुणी रात्रीची लाईट आली म्हणून मोटार चालू करायला निघालेला. बारा बोरच्या छर्‍याची ताकद काही शे मीटरमध्ये संपते म्हणून शेतासाठी तीच बरी.

आणि कायद्यानंसुद्धा पीक राखण्यासाठी मुळात ठासणीच्या बंदुकीचं लायसन सांगितलंय. ती पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी आतून गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे बारा बोर वगैरे. त्यासाठी अर्ज कलेक्टर ऑफिसला, फॉर्म ए-१, सोबत डॉक्टरचं सर्टिफिकेट, हत्यार सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र, मग पोलिसांचा रिपोर्ट.

पण लायसन भेटलं म्हणजे जनावर मारायची परवानगी भेटली असं अजिबात नाही हां. रानडुक्कर अन् रोही दोन्ही वन्यजीव कायद्याच्या अनुसूची २ मध्ये आहेत, पिकाचं नुकसान करत असले तरी वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते, नाहीतर बंदूक लायसनची असूनही माणूस आत जातो. दहा लाख ठेवलेच असतील तर त्यातले थोडे सोलर कुंपणाला अन् चांगल्या झटका मशीनला घाला (मेन लाईनचा करंट तारेत सोडू नका, दरवर्षी माणसं मरायलेत त्यानं). नुकसान झालं की लगेच वनविभागाकडं अर्ज करून पंचनामा करून घ्या, भरपाई कमी असली तरी हक्काची आहे.

प्रश्न : पोरगा टेक्सासमध्ये सॉफ्टवेअरला आहे, एच वन बी वर. तिकडं बंदूक सहज भेटते म्हणे. तो तीन हजार डॉलरची एआर-१५ टाइपची रायफल घ्यायची म्हणायलाय, मित्रांसोबत रेंजवर जातो, शिकारीला जायचंय म्हणतो. त्याची आई रोज रडायली. त्याला समजावू की घेऊ देऊ? आम्हाला त्यातलं काही कळत नाही.
— एक वडील, औसा

उत्तर : काका, ह्या ढिगातलं सगळ्यात महत्त्वाचं पत्र तुमचं, म्हणून जरा लांबण लावतो. वहिनींना सांगा की रडण्याचं कारण वेगळं आहे, रायफलच्या आधी व्हिसा बघायचाय.

अमेरिकेच्या केंद्राच्या कायद्यात एच वन बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूकच काय एक गोळीसुद्धा जवळ ठेवायला मनाई आहे. टेक्सासचा कायदा कितीबी ढिला असू द्या, हा वरचा कायदा लागूच. त्यात काही अपवाद आहेत, आणि तुमच्या पोराच्या कामाचा एकच, कुठल्यातरी राज्याचं चालू शिकारीचं लायसन त्याच्याकडं पाहिजे. रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणं हेसुद्धा बाळगण्यातच धरतात, तेव्हा तो आत्ता जे मित्रांसोबत करायलाय ते ह्या लायसनशिवाय करत असेल तर आजच थांबायला सांगा, हे पत्र छापून यायची वाट बघू नका. २०२२ मध्ये ह्या गुन्ह्याची शिक्षा वाढवून १५ वर्षांपर्यंत केलीय, आणि शिक्षा कमी झाली तरी ग्रीन कार्डचं स्वप्न तिथंच संपतं, उलट घरी पाठवतात ते वेगळं.

टेक्सासला शिकारीचं लायसन काढणं अवघड नाही. २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो, तो आपल्या पोरांना सोपा जाईल. गोम पुढं आहे. तिथलं वर्षाचं लायसन कधीबी काढा, ते ३१ ऑगस्टला संपतं. म्हणजे १ सप्टेंबरला पोरगं सकाळी उठून ऑफिसला गेलं, रायफल कपाटात तशीच, लायसन काढायचं राहिलं, तर त्या दिवशी ती कपाटातली रायफल बेकायदेशीर. गाडीच्या इन्शुरन्ससारखं दोन दिवस इकडं-तिकडं चालून जातं असं इथं नाही. गंमत म्हणजे टेक्सासमध्ये जमीनमालकाची परवानगी असेल तर खासगी रानात डुक्कर मारायला शिकारीचं लायसन लागतच नाही, २०१९ पासून तसा कायदाच आहे. पण ते तिथल्या माणसाला. तुमच्या पोराला डुकरासाठी नाही, हातातल्या रायफलसाठी लायसन लागतं, अन् मित्र हेच सांगत नसतील त्याला. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरून घेतात, त्यात व्हिसाचं सगळं विचारतात, तिथं खोटं लिहिलं तर तो आणखी वेगळा गुन्हा.

आता समजा कागदपत्रं चोख आहेत, किंवा उद्या ग्रीन कार्ड आलं. मग तीन हजार डॉलर, म्हणजे आपले अडीच लाखाच्या वर, घालावेत का? मला विचाराल तर नाही, आणि मला रायफली आवडतात तरी नाही.

एआर-१५ म्हणजे सेमी ऑटोमॅटिकच रायफल, तिची गोष्ट अशी आहे की साधारण सात-आठशे डॉलरलासुद्धा चांगल्या कंपनीची चालती रायफल येते. महागडीमध्ये काय जास्त भेटतं तर नळी चांगल्या पद्धतीनं घडवलेली असते, पुढचा हँडगार्ड (हातानं धरायचं कवच) नळीला कुठंच टेकत नाही त्यामुळं नेम हलत नाही, चाप लोण्यासारखा सुटतो, प्रत्येक पार्ट तपासलेला असतो. काही मॉडेलात गोळी सुटतानाचा गॅस थेट बोल्टवर न सोडता पिस्टनवर सोडतात, तिथं बोल्ट कमी काळा होतो. ज्यानं कधी गोळीबारानंतर बोल्ट उघडून त्याच्या शेपटीवर चिकटलेला कार्बन खरवडून काढलाय त्याला ह्या फरकाची किंमत कळते, नखं आठवडाभर काळी राहतात. पण पिस्टनवाली वजनानं जड अन् किमतीनं दुप्पट-तिप्पट. महागडी रायफल शंभर यार्डावर एका इंचाच्या आसपास गोळ्यांचा झुबका मारेलही, नवीन माणसाचा हातच मुळी तीन-चार इंच हलतो, तर तो एक इंच कुणासाठी घ्यायचा?

फायदा खरा एकच सांगतो. चांगल्या नावाची रायफल विकायला काढली तर पैसे बऱ्यापैकी परत येतात, स्वस्तातलीचे पडतात. आणि ज्याचं गोळीबाराचं प्रमाण खरंच जास्त आहे, स्पर्धेला जातो, महिन्याला शेकड्यानं काडतुसं उडवतो, त्याला महाग पार्ट परवडतात कारण ते कमी बिघडतात. बाकीच्यांना खर्च रायफलचा कमी अन् तिच्या मागचा जास्त लागतो. एक गोळी साधारण अर्धा डॉलर, हजार उडवल्या की पाचशे डॉलर गेले. दुर्बीण चांगली घ्यायची तर ती रायफलच्या निम्म्या किमतीची. लोखंडी तिजोरी, रेंजची फी, कानाला लावायचं. ते कानाचं मी मुद्दाम लिहायलोय, रायफलचा आवाज दीडशे डेसिबलच्या वर जातो, आमच्या पिढीतले अर्धे फौजी आज टीव्हीचा आवाज मोठा करून बसतात. मी त्याला सांगेन की आठशेवाली घे, उरलेले काडतुसाला अन् एखाद्या चांगल्या उस्तादाकडं शिकायला घाल, वर्षानं तुझी तुलाच कळेल महागडी पाहिजे का नाही.

घराच्या राखणीसाठी म्हणत असेल तर अपार्टमेंटच्या पातळ भिंतीचा विचार करायला सांगा. आणि हे बापानं विचारायचं असतं म्हणून लिहितो, पोरगं एकटं राहतं का, नोकरीचं टेन्शन आहे का, रात्री झोप लागते का. अमेरिकेत बंदुकीनं जे मरतात त्यातले निम्म्याहून जास्त दुसऱ्याच्या हातानं मरत नाहीत, स्वतःच्या हातानं मरतात. एकट्या पोराच्या खोलीत भरलेलं हत्यार हा मला व्हिसाइतकाच मोठा तोटा वाटतो. रागावून नका बोलू, व्हिडिओ कॉलवर गप्पा मारता मारता विचारा.

तिकडून परत येताना ती रायफल भारतात आणायचं मात्र डोक्यातून काढा. इथं काय वर्ग आहे ते वरच्या उत्तरात लिहिलंच आहे.

प्रश्न : मुलगी अकरावीला आहे, शूटिंग शिकायचंय. क्लबमधले एकजण म्हणाले महाग सेमी ऑटोमॅटिक घेतली तर लवकर पुढं जाईल. घ्यावी का?
— एक आई, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ताई, ते एकजण बदला. ऑलिम्पिकच्या रायफलीत सेमी ऑटोमॅटिक नसतेच. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला कांस्य आणलं ते एकेक गोळी हातानं भरायच्या .२२ रायफलवर. सुरुवात १० मीटर एअर रायफलनं करा. .१७७ इंच बोरची अन् वीस ज्यूलच्या आतल्या ताकदीची एअर रायफल असेल तर लायसनसुद्धा लागत नाही. आधी क्लबचीच वापरू द्या, पैसे जॅकेटला अन् कोचला लागतात.

प्रश्न : ओळखीच्या पोराकडं मॅगझीनवालं पिस्तूल भेटायलंय, बिना कागदाचं, चाळीस हजारात. सेमी ऑटोमॅटिकच आहे, लायसन नंतर काढता येईल का?
— नाव नको, बीड

उत्तर : नाही येत. बिना लायसनच्या साध्या हत्यारालाच २ ते ५ वर्षं आहेत, ते प्रतिबंधित प्रकारातलं निघालं तर ७ ते १४. मस्साजोगच्या सरपंचाच्या खुनानंतर तुमच्या जिल्ह्यात लायसनवाल्यांचीच कशी झाडाझडती झाली अन् किती परवाने रद्द झाले ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल, तिथं तुम्ही हे विचारायलाव.

प्रश्न : सासरे गेले. त्यांची .३१५ ची रायफल घरात आहे, सरकारी कारखान्याची. मिस्टर म्हणतात ही देऊन टाकू अन् नवीन भारी काहीतरी घेऊ. ठेवावी का विकावी?
— एक सूनबाई, परभणी

उत्तर : पहिलं म्हणजे ती घरात ठेवू नका. लायसन सासऱ्यांच्या नावाचं होतं, ते गेले की लायसन संपलं, हत्यार पोलीस ठाण्यात किंवा लायसनवाल्या डीलरकडं जमा करा आणि मिस्टरांच्या नावानं वारस म्हणून अर्ज टाका, बाकीच्या भावा-बहिणींची ना हरकत जोडून. विकायची असेल तरी लायसनवाल्यालाच.

ठेवावी का म्हणाल तर ठेवा. इशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ बोल्ट अ‍ॅक्शन आहे, म्हणजे दर गोळीला बोल्ट हातानं ओढायची, दिसायला साधी, पण बिघडण्यासारखं तिच्यात फार काही नाही. "नवीन भारी" जे मिस्टरांच्या डोक्यात आहे ते बहुतेक वर किनवटच्या दादांनी विचारलंय तेच, ते भेटणार नाही. लग्नात-वरातीत हवेत उडवायची नाही एवढं मात्र घरातल्या सगळ्या पुरुषांना सांगून ठेवा, २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

आणि जमा करताना काळजी घ्या. इलेक्शन लागलं की बंदुका बऱ्याचदा जमा कराव्या लागतात, आपल्याकडं लोकसभा, विधानसभा, झेडपी, ग्रामपंचायत असं काहीतरी चालूच असतं. पोलिसांच्या मालखान्यात ओल असली की दोन-तीन महिन्यांत नळीवर तांबडा गंज चढतो, मी अशी रायफल हातात घेतलीय जिचा बोल्ट दोघांनी धरून ओढला तेव्हा उघडला. देण्याआधी नळीतून तेलाचं फडकं फिरवा, बाहेरून ग्रीसचा हलका हात द्या, कापडी खोळ घालू नका, ती पाणी धरते. पावती घेताना तिच्यावर हत्याराचा नंबर बरोबर उतरवलाय का ते तिथंच उभं राहून मिस्टरांनी स्वतः वाचावं, .३१५ च्या जुन्या रायफलींवरचा ३ अन् ८ घासून सारखाच दिसतो.