'जैसे थे' म्हणजे नेमकं कसं?

प्रश्न: जेरुसलेममधल्या पवित्र स्थळांवर तणाव झाला की जॉर्डन, इस्रायल, अमेरिका सगळेच 'जैसे थे स्थिती राखा' म्हणतात. मग भांडण कशावरून?

उत्तर: त्याच शब्दांच्या अर्थावरून. पवित्र कबरीच्या चर्चमध्ये 'जैसे थे' म्हणजे 1852चं ऑटोमन फर्मान. तिथे सहा ख्रिस्ती पंथांचे हक्क कुठली पायरी कुणी झाडायची इथपर्यंत ठरलेले आहेत. दर्शनी भिंतीवर खिडकीखाली एक लाकडी शिडी पिढ्यान्‌पिढ्या उभी आहे. सर्वांच्या संमतीशिवाय ती हलवता येत नाही.

अल-अक्सा मशिदीच्या परिसराचं, म्हणजे ज्यूंच्या टेंपल माउंटचं, तसं नाही. तिथली घडी 1967च्या युद्धात इस्रायलने पूर्व जेरुसलेम आणि वेस्ट बँक व्यापल्यानंतर बसली. आतला कारभार जॉर्डनच्या अखत्यारीतल्या वक्फकडे, सुरक्षा इस्रायली पोलिसांकडे. बिगर-मुस्लिमांनी पाहायला यावं, प्रार्थना करू नये. पण ही घडी कुठल्याही तहात कलमवार लिहिलेली नाही. 1994च्या इस्रायल-जॉर्डन तहातलं 9वं कलम जॉर्डनच्या 'विशेष भूमिके'चा आदर करतं. त्या भूमिकेत काय काय येतं, ते सांगत नाही. म्हणून जॉर्डनच्या निवेदनात 'ऐतिहासिक आणि कायदेशीर' ही विशेषणं आली की तिथे थांबा. 144 दुनमांच्या, म्हणजे सुमारे 36 एकरांच्या, संपूर्ण आवारावर आणि आत कुणाला सोडायचं यावरही वक्फचाच अधिकार, असा त्यांचा अर्थ असतो. इस्रायलला हा अर्थ मान्य नाही.

प्रश्न: वेस्ट बँकमधल्या इस्रायली वसाहतींना कुणी 'बेकायदा' म्हणतं, कुणी 'शांततेतला अडथळा'. फरक पडतो का?

उत्तर: फार पडतो. 'अडथळा' ही राजकीय नाराजी झाली. 'बेकायदा' म्हटलं की चौथ्या जिनिव्हा कराराचं (1949) 49वं कलम लागू होतं: व्यापलेल्या प्रदेशात आपले नागरिक वसवायचे नाहीत. हा प्रदेश 'व्याप्त' नसून 'वादग्रस्त' आहे, हा इस्रायलचा युक्तिवाद. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 2004 आणि 2024च्या सल्लागार मतांत तो स्वीकारला नाही. अमेरिका मात्र शब्द बदलत आली आहे. 2019मध्ये वसाहती कायद्याशी विसंगत नाहीत म्हणाली, 2024मध्ये विसंगत आहेत म्हणाली.

शब्दाची अंमलबजावणी पाहायची तर युरोपीय संघाचं सीमाशुल्क खातं पाहा. 2005पासून इस्रायली मालाच्या मूळ-प्रमाणपत्रावर उत्पादनाचं ठिकाण आणि पिनकोड लिहावा लागतो. तो पिनकोड वसाहतींच्या यादीत निघाला की इस्रायली मालाला मिळणारी सीमाशुल्काची सवलत गेली. कचेरी तेल अवीवमध्ये आणि कारखाना वसाहतीत असेल, तर कारखान्याचाच पिनकोड धरतात.

मराठी वाचकांसाठी एक सावधगिरी. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या 1967च्या ठराव 242मध्ये व्याप्त प्रदेशांतून माघारीचा उल्लेख आहे. इंग्रजी मसुद्यात 'टेरिटरीज'आधी 'द' नाही, त्यामुळे सगळे प्रदेश की काही, हा वाद अजून चालू आहे. मराठीत असं उपपद नसल्याने अनुवादात तो वादच दिसत नाही, आणि अनुवादकाने 'सर्व' घातलं तर त्याच्या नकळत एका पक्षाची बाजू घेतली जाते.