वाचकांचे प्रश्न : सकाळी चालू न होणारा जुना ट्रॅक्टर

प्रश्न : आमच्याकडे तीन सिलिंडरचा, सुमारे ३५ अश्वशक्तीचा जुना ट्रॅक्टर असून द्राक्षबागेच्या फवारणीचा ब्लोअर त्यावरच चालतो. दिवाळीपूर्वी सर्व्हिसिंग करून ऑइल आणि दोन्ही डिझेल फिल्टर बदलले. तेव्हापासून सकाळी सेल्फ मारला की इंजिन जोरात फिरते, पण चालू होत नाही आणि सायलेन्सरमधून धूरही निघत नाही. टाकीतले डिझेल पुढे ढकलणाऱ्या फीड पंपावरचा हातपंप बराच वेळ मारल्यावर चालू होतो आणि मग दिवसभर काहीच तक्रार नसते. दुपारी बंद करून पुन्हा सेल्फ मारला तर लगेच उठतो. टाकी भरलेली असली की त्रास कमी जाणवतो. डिझेल पंप आणि नोझल उतरवून कॅलिब्रेशन (डिझेलची मात्रा व दाब जुळवणे) करावे लागेल, असे मेकॅनिकचे म्हणणे आहे. छाटणीनंतरच्या फवारण्या चालू असताना ट्रॅक्टर उभा ठेवणे परवडणारे नाही. काय करावे?
— एक द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

उत्तर : डिझेल पंप तूर्त उतरवू नये. आपण दिलेल्या वर्णनात पंपाविरुद्ध एकही पुरावा दिसत नाही. उलट तो निर्दोष असल्याची दोन-तीन चिन्हे आपणच लिहिली आहेत.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा मूळच्या साधारण सोळाव्या ते अठराव्या हिश्श्याइतकी दाबतो, त्यामुळे ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि त्या तापलेल्या हवेत नोझलने मोठ्या दाबाने फवारलेले डिझेल आपोआप पेटते. म्हणून इंजिन जोरात फिरत असूनही चालू होत नसेल, तर सर्वप्रथम सायलेन्सरकडे पाहावे. डिझेल सिलिंडरमध्ये पोहोचत असेल पण पेटत नसेल, तर पांढरा धूर निघतो. धूर मुळीच नसेल, तर डिझेल तेथपर्यंत पोहोचतच नाही. आपल्याकडे धूर नाही आणि सेल्फ जोरात फिरवतो. म्हणजे बॅटरी, सेल्फ, पिस्टनच्या रिंगा आणि कॉम्प्रेशन यांचा विचार बाजूला ठेवता येतो. पंपाचे एलिमेंट (डिझेल दाबणारे आतले भाग) घासले असतील, तर त्रास सहसा इंजिन तापल्यावर वाढतो, कारण गरम डिझेल पातळ होऊन घासलेल्या भागातून निसटते. आपला ट्रॅक्टर मात्र गरम असताना लगेच उठतो.

आता टाकीविषयीचे आपले वाक्य. संपूर्ण पत्रात तेच सर्वांत मोलाचे आहे, कारण टाकीत डिझेल किती आहे याचा पंपाच्या झिजेशी काहीही संबंध नसतो. बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांत टाकी इंजिनाच्या वर असते. ती भरलेली असताना डिझेल स्वतःच्या वजनाने फिल्टरपर्यंत उतरते आणि लाइन भरलेली राहते. पातळी फिल्टरच्या डोक्याच्या खाली गेली, की रात्रभरात लाइनमधले डिझेल फीड पंपाच्या झिजलेल्या व्हॉल्व्हमधून मागे सरकते आणि एखाद्या बारीक फटीतून त्याची जागा हवा घेते. डिझेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. त्यामुळे डिझेल पंपाचा प्रत्येक दाब हवेचा बुडबुडा आवळण्यातच खर्च होतो आणि नोझल उघडण्याइतका दाब तयारच होत नाही. हातपंप मारून आपण रोज सकाळी हीच हवा पुढे ढकलता. त्रास फिल्टर बदलल्यापासूनच सुरू झाला, हे लक्षात घेता माझा पहिला संशय फिल्टरच्या वाटीच्या काठावरच्या रबरी रिंगवर आहे. नव्या फिल्टरसोबत नवी रिंग मिळते, पण पुष्कळदा जुनीच चपटी झालेली रिंग परत बसवली जाते, किंवा नवी बसवताना पिळली जाते.

फट शोधण्याची एक बिनखर्चाची पद्धत आहे. संध्याकाळी टाकी काठोकाठ भरावी. फिल्टरचे डोके, वाट्या, बॅन्जो बोल्ट (डिझेलच्या नळीचे टोक बसवणारे पोकळ बोल्ट), एअर काढण्याचे स्क्रू आणि फीड पंप हे सर्व ब्रशने व कापडाने पुसून पूर्ण कोरडे करावे आणि प्रत्येक जोडावर टाल्कम पावडरचा पातळ थर द्यावा. भरलेल्या टाकीच्या दाबाने डिझेल आतून बाहेर झिरपते आणि सकाळपर्यंत त्या पांढऱ्या थरावर नेमक्या गळक्या जागी ओला, पिवळसर डाग उमटतो. जेथून भरल्या टाकीचे डिझेल बाहेर येते, तेथूनच अर्ध्या टाकीला हवा आत जाते. जोड खोलण्यापूर्वी ही पावडर नीट पुसून काढावी; तिचा कणही पंपाकडे जाता कामा नये.

डाग वाटीच्या काठावर असेल, तर रिंग बदलावी. बॅन्जो बोल्टवर असेल, तर दोन्ही बाजूंचे तांब्याचे वायसर नवे घालावेत. वायसर एकदा दबले की बोल्ट कितीही आवळला तरी पुन्हा पक्के बसत नाहीत आणि जास्त आवळण्याच्या नादात फिल्टरच्या डोक्यातले आटे मात्र जातात. डाग कोठेच नसेल, तर फीड पंपाचे व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग तपासून घ्यावेत, कारण ते सुट्टे मिळतात आणि कॅलिब्रेशनच्या तुलनेत फारच स्वस्त पडतात.

दुरुस्तीनंतर एअर काढण्याचा क्रम चुकवू नये. टाकीचा कॉक पूर्ण उघडावा, पहिल्या फिल्टरवरचा स्क्रू दोन फेरे सैल करून हातपंप मारावा. आधी फेस येतो, मग थोडे डिझेल आणि मध्येच फुसकन हवा, आणि शेवटी काचेसारखी सलग धार. ती धार चालू असतानाच स्क्रू आवळावा, हातपंप थांबवून नव्हे. त्यानंतर दुसरा फिल्टर, मग डिझेल पंपावरचा स्क्रू. एवढ्यावरही इंजिन उठले नाही, तरच नोझलकडच्या नळ्यांचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारावा आणि डिझेल दिसू लागताच आवळावेत. या वेळी नटाजवळ बोट किंवा तळहात मुळीच नेऊ नये. नोझलचा दाब २०० बारच्या आसपास असतो आणि तेवढ्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब रुग्णालयात जावे लागते. सेल्फ एका वेळी १० ते १५ सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये किमान एक मिनिट विश्रांती द्यावी आणि गिअर न्यूट्रलला असल्याची खात्री दर वेळी करावी.

हे सर्व करण्याआधी एक क्षणाचे काम राहून जाऊ नये : इंजिन बंद करण्याचा नॉब ढकलल्यावर पंपावरची दांडी खरोखर पूर्ण मागे येते की नाही, हे बॉनेट उघडून डोळ्यांनी पाहावे. जुन्या ट्रॅक्टरांत ही केबल गंजून अर्ध्यावरच अडकते आणि डिझेल तोडलेलेच राहते.

आपल्या तालुक्यातील थंडीविषयीही थोडे लिहिणे आवश्यक आहे. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा कित्येकदा पाच अंशांच्या आसपास उतरतो. भारतीय मानकानुसार डिझेलच्या प्रवाहबिंदूची (ज्या तापमानाखाली डिझेल वाहायचे थांबते त्याची) कमाल मर्यादा हिवाळ्यात ३ अंश, तर उन्हाळ्यात १५ अंश आहे. म्हणून उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात भरून ठेवलेल्या कॅनमधले डिझेल कडाक्याच्या थंडीत वापरू नये, त्यात मेणासारखा अंश धरून फिल्टर तुंबू शकतो. फट सापडेपर्यंत रोज संध्याकाळी टाकी भरून ठेवावी. त्यामुळे पहाटेची फवारणी चुकणार नाही आणि रिकाम्या टाकीत दव धरून साचणारे पाणीही टळेल. डिझेल पातळ व्हावे म्हणून रॉकेल मिसळण्याची सवय असेल, तर ती मात्र सोडावी, कारण पंपाच्या आतल्या भागांना वंगण डिझेलचेच मिळते.

प्रश्न : आमचा ट्रॅक्टर सेल्फवर उठत नाही, ओढल्याशिवाय चालू होत नाही. सेल्फ मारताना डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर निघतो. काय बिघडले असावे?
— एक शेतकरी, सिन्नर

उत्तर : आपला प्रश्न वरच्या प्रश्नाच्या अगदी उलट आहे. डिझेल पोहोचते आहे, पण पेटण्याइतकी उष्णता मिळत नाही. सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन टोकांमधला दाब मीटरने मोजावा. तो साडेनऊ व्होल्टच्या खाली जात असेल, तर आधी टर्मिनल आणि चासीकडे जाणारी अर्थिंगची पट्टी घासून साफ करावी व बॅटरी चार्ज करून पुन्हा पाहावे. दाब ठीक असेल आणि इंजिनही जोरात फिरत असेल, तर टॅपेटचे (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचे) अंतर तपासून कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. चालू इंजिनाच्या ऑइल भरण्याच्या तोंडातून धुराचे जोरदार फवारे येत असतील, तर रिंगा आणि लायनर संपत आल्याचे समजावे. रेडिएटरमधले पाणी कमी होत असेल, तर ट्रॅक्टर ओढणे आजपासूनच बंद करावे, कारण हेड गॅस्केटमधून सिलिंडरमध्ये पाणी उतरलेले असल्यास ते दाबले जात नाही आणि ओढताना पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो.