काचेचा अख्खा माणूस फुंकून बनवतात का, आणि पणजीत राहून हे शिकायला सुरुवात कशी करू?

नाही ओ, माणसाएवढं शरीर फुंकून होत नाही, ते ओतकाम असतं. म्हापशा-फोंड्याकडे गणपतीची चित्रशाळा बघितली असेल तर साचा म्हणजे काय ते माहीतच असेल, फक्त इथे आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर प्लास्टर आणि सिलिकाचा साचा, मग मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत भट्टीत काच वितळवायची, साधारण 800-900 अंशांना. खरी परीक्षा थंड करताना. जाड काच बाहेरून आधी निवते, आत गरमच राहते आणि त्या ताणाने तडकते, म्हणून तापमान इतकं हळू उतरवतात की मोठ्या कामाला आठवडे जातात, कधी महिनेसुद्धा. कॅरेन लामाँट शोधा, अमेरिकन आहे पण काम प्रागमधून करते, तिच्या काचेच्या ड्रेसमध्ये बाई नसतेच, फक्त कपड्याच्या आत तिच्या अंगाचा आकार. मला तर हे हुबेहूब पुतळ्यांपेक्षा भारी वाटतं. चेक जोडपं लिबेन्स्की-ब्रिख्तोव्हा यांची डोकीपण बघा, काच जिथे पातळ तिथून उजेड जास्त येतो, चेहरा त्यावरच उमटतो. पणजीत असाल तर आधी माती नि मेणात हात बसवा, भट्टीचं नंतर बघू.