हिरो उंबरठ्याबाहेर थांबतो तेव्हा

प्रश्न : ताई, मी घोडबंदर रोडला राहते, पॅरानॉर्मल रोमान्स, म्हणजे अमानवी हिरोची प्रेमकथा लिहितेय. हिरो ३०० वर्षांचा, येऊरच्या जंगलातला. मैत्रीण म्हणते हिरो भारी आहे पण हिरोईन नुसती घाबरत असते. काय करू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मैत्रीण बरोबर बोलतेय गं. हिरो ताकदीमुळे नाही आवडत, एवढी ताकद असून तो स्वतःला आवरतो ना, तिथे जीव जडतो. १८९७ च्या ड्रॅक्युला कादंबरीत बघ, घरातल्या कुणी बोलावल्याशिवाय व्हॅम्पायरला, म्हणजे रक्त पिणाऱ्या पिशाच्चाला, पहिल्यांदा आत येता येत नाही, हा नियम हिरोईनच्या हातात दे. म्हणजे तो पावसात दाराबाहेर उभा, बाहीतून पाणी गळतंय आणि ही कडीवर हात ठेवून विचारतेय, "आधी सांग, काल कुठे होतास?" भीती असू दे पण निर्णय तिचाच हवा, आणि तिला नोकरी, लोकल, आईशी भांडण असं स्वतःचं आयुष्य दे.

आपल्याकडचंही घे की, कोकणातल्या आरवलीच्या वेतोबा देवाला चामड्याच्या चपला वाहतात, त्या झिजतात कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो अशी श्रद्धा आहे, तसा राखणदार स्वभाव हिरोला शोभेल. मुंजाला मात्र हिरो करू नकोस, ते मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेल्या पोराचं भूत असतं.