गाडी आधी बाजूने बघ
आकडे नंतर पाठ कर. शंभरचा वेग किती सेकंदांत गाठते हे कुणीही सांगेल. तू आधी गाडीच्या बाजूला उकिडवा बसून बघ. १९६१ ची जॅग्वार ई-टाइप घे. माल्कम सेयरने हवेच्या प्रवाहाचं गणित मांडून ती आखली, तरी ते लांबलचक बॉनेट हाताने घडवल्यासारखं वाटतं. छपराची रेघ मागे कशी उतरते, तिच्यावर उजेड कुठे मोडतो, तिथे नजर थांबू दे. लँबोर्गिनी मिउराचं इंजिन सीटांच्या मागे आडवं, म्हणून तर नाक इतकं बुटकं. पोर्शे ९११ ची उतरती पाठ १९६३ पासून तीच, आणि माझा जीव आजही तिथेच अडकतो. नव्या गाड्यांना मात्र नाक मुरडू नकोस. मॅक्लारेन ७२०एसच्या दारातून रेडिएटरकडे जाणारी हवेची वाट एकदा जवळून बघ. फार देखणी आहे ती.